मीच शिकवलं त्याले

हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही, सलीमला तर नाहीच. सलीमपासून मी आयुष्यात दुसरं काही लपवलं नाही. बापाच्या खिशातली विडी चोरायचो, तीही त्याच्याबरोबर अर्धी-अर्धी ओढली. तुम्हाला सांगतो. तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून असेल. किंवा लागतही असाल — लोणार, बीबी, मेहकर, डोणगाव या पट्ट्यात तुमच्या घरचं एखादं लग्न झालं असेल, तर माझ्या बेंजोपुढे तुमच्यातलं कोणीतरी नक्की नाचलेलं आहे.

बेंजो माहीत आहे ना? तारांचं लांबट वाद्य, वर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्यानं तारा छेडायच्या. त्याला वायर जोडून आवाज भोंग्यात सोडला की रुसलेला जावईसुद्धा पाय हलवतो. मी उभा जन्म बेंजो वाजवला. चांगला वाजवला. यात लाजायचं काय? लोक अजून वरातीत ओरडतात, वसंताभाऊ, तुमचं ते गाणं होऊ द्या. तुमचं ते गाणं — तिथंच सगळी गोम आहे.

थांबा. असं एकदम तिथं उडी मारून जाता येत नाही मला. आधी मी पळालो, ते सांगतो.

महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. मी मॅट्रिकला दुसऱ्यांदा आपटलो होतो. आम्ही लोणारचे माळी, धारेच्या, म्हणजे तळ्याकाठच्या झऱ्याच्या, पाण्यावर कांदे-वांगी करणारे. बाप म्हणाला, झाली तेवढी शाळा झाली, आता वाफे धर. मला वाफे धरायचे नव्हते. मला जंगल पाहिजे होतं. लहानपणापासून घरात काही बिनसलं की मी तळ्याच्या खोलगटात, खाली झाडीत उतरायचो. वानरं, मोर, खाऱ्या पाण्याचा तो उग्र वास... तिथं मला कोणी नापास म्हणत नव्हतं. पण काठावर उभं राहून बापानं हाक मारली की ती खालपर्यंत यायची. मला बापाची हाक पोचणार नाही असं जंगल पाहिजे होतं.

म्हणून एक दिवस बेंजो गोधडीत गुंडाळला अन् एष्टीत बसलो. मेहकर, खामगाव, जामोद. त्याच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला माझ्या मावशीच्या नवऱ्याचं चहाचं हॉटेल होतं. तिथं कप धुवायचे अन् बाकी वेळ डोंगरात हिंडायचं. मावशीनं बापाला निरोप धाडला की पोरगं सुखरूप आहे. बापानं उलटा निरोप धाडला — राहू दे तिथंच.

मुंगीलाल मला तिथं भेटला. कोरकू होता, वरच्या वाडीतला, माझ्याच वयाचा. बाजाराच्या दिवशी डिंक अन् मोहाची फुलं घेऊन उतरायचा. मी हॉटेलच्या मागं बेंजो वाजवत बसलो होतो, तर हा पठ्ठ्या टोपली खाली ठेवून समोर उकिडवा बसला. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाला, "चांगलं वाजवतं बे तू. पण तुह्या बोटात घाई हाय. कुठं जाऊन राह्यला?"

कुठं जात होतो मी? ते आजही सांगता येत नाही. पण त्या दिवशी त्याच्याबरोबर वर गेलो अन् पावसाळा लागेपर्यंत निम्माअधिक वेळ त्याच्याच वाडीत राहिलो. काय दिवस होते. सकाळी उठायचं, मध काढायचा, नदीच्या डोहात पडायचं, संध्याकाळी ढोल निघायचे. माझ्या बोटांतली घाई त्या ढोलांनी काढली. ठेका धरायचा म्हणजे त्याच्या मागं धावायचं नाही, तो येईपर्यंत थांबायचं — हे मला मुंगीलालनं शिकवलं, माझ्या पाठीवर हातानं ठोके देऊन. मी त्याला म्हणायचो, मुंग्या, तुम्ही लेको राजे आहात, ना बाप ओरडतो ना मास्तर. तो हसायचा. जंगलखात्याचा शिपाई आला की त्याच मुंगीलालला कुऱ्हाड पाचोळ्यात लपवावी लागायची, हे मी रोज पाहत होतो. तरी राजे म्हणायचो. मला तिथं सुट्टी होती, त्याचं ते घर होतं; हा फरक माझ्या टाळक्यात तेव्हा शिरला नाही.

आता गाण्याकडे येतो.

मुंगीलालची आई आदल्या साली वारली होती. त्यांच्यात माणूस गेल्यावर लगेच सगळं उरकत नाहीत. घरात दाणापाणी जमलं, सोयरे जमले, की मग सिडोली करतात — गेलेल्याला आधीच्या पितरांत नेऊन बसवायचा विधी. सागाचा खांब कोरतात, त्यावर चंद्र-सूर्य काढतात, अन् वाजतगाजत नेऊन मोठ्या झाडाखाली जुन्या खांबांच्या शेजारी उभा करतात. रडारड नाही. बकरं कापतात, नाचतात. मला आधी कळेचना की हे मरणाचं आहे की लग्नाचं.

त्या दिवशी मुंगीलाल आईसाठी गायला. तो आवाज मी काय सांगू? पातळ नव्हता, गोडही नव्हता. पाट फोडला की पाणी जसं आपली वाट आपण काढत जातं, तसा तो जात होता. शब्द कोरकू. मी अर्थ विचारला, तर म्हणाला, आईला सांगून राह्यलो — चालत राहा, मागं पाहू नको, पुढे आपली माणसं उभी हायेत. मी बेंजो काढला अन् हळूच त्याच्या मागं सूर धरला. म्हातारे माझ्याकडे पाहायला लागले. मुंगीलालनं मान हलवली, मग त्यांनीही हलवली. तेवढा मान मला त्याआधी कोणी दिला नव्हता.

संध्याकाळी त्यानं मला दोन गोष्टी बजावल्या. हे गाणं सिडोलीशिवाय म्हणायचं नाही. अन् सुरू केलं तर अर्ध्यात सोडायचं नाही — अर्ध्यात सोडलं तर गेलेलं माणूस वाटेतच उभं राहतं. मग माझा हात धरून म्हणाला, "माह्या टाइमाले तू येजो. बेंजो घेऊन येजो." मी हाव म्हणालो. त्याच्या आईच्या खांबाला हात लावून हाव म्हणालो.

पावसाळ्यात बाप आजारी पडला, मी लोणारला परत आलो. सलीमचं तोवर रेडिओ दुरुस्तीचं दुकान निघालं होतं. त्या गड्यानं भंगारातल्या रेडिओंचे व्हॉल्व्ह जोडून अँप्लिफायर बनवला होता अन् नागपूरच्या कोण्या ऑर्केस्ट्रावाल्याची मोडकी विजेची गिटार आणून ठीक केली होती. रेडिओवर विलायती गाणी ऐकून ऐकून त्याला तसंच काहीतरी धडाडतं वाजवायचं होतं, पण चाल सुचत नव्हती. आम्ही बॅटरी डोक्यावर घेऊन तळ्याच्या खोलगटात उतरलो, कारण गावात वाजवलं असतं तर लोकांनी दगड मारले असते. अन् तिथं, त्या झाडीत, मी ती चाल काढली, तोंडानं मुंगीलालचेच बोल म्हणत. माझ्या हातून निघाली म्हणा ना. सलीमनं गिटारवर तिचा ठेका उचलला, ढोलकीवाल्यानं दाबून धरला, अन् काय आवाज उठला सांगू! चारी कडांवर आपटून तो परत आमच्या अंगावर यायचा. वानरं पळाली. वर काठावर गुराखी गोळा झाले अन् तिथंच नाचायला लागले. आमच्या जिल्ह्यात असलं काही कोणी ऐकलंच नव्हतं. अजूनही आठवलं की अंगावर काटा येतो, अन् खोटं कशाला बोलू, छाती फुगते.

सलीम धापा टाकत म्हणाला, "वसंता, ये बोल कौनसी जबान के हैं बे?"

मी म्हणालो, कोणत्याच नाही. मीच बनवले. अर्थ नाही त्याले.

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. जिवंत माणसांची भाषा, आईला वाट दाखवणारे शब्द — अन् मी म्हणालो अर्थ नाही. का म्हणालो? मरणाचं गाणं म्हटलं असतं तर लग्नात कोणी वाजवू दिलं नसतं, हे एक. पण ते नंतर सुचलेलं कारण आहे. खरं असं की मला ते माझं पाहिजे होतं.

अन् झालं ते माझं. त्या हंगामात आमच्याशिवाय वरात निघेना. हातगाडीवर बॅटरी, भोंगा, पुढे मी अन् सलीम. लोक मुद्दाम वरमाईला ओढून आणायचे, वसंताचं गाणं लागलं, चल. एक गंमत पाहा — नवरीची पाठवणी होताना ते वाजवलं की बाया हमखास रडायच्या. शब्द कोणाला कळत नव्हते, पण चालत राहा, मागं पाहू नको, हे त्यांना बरोबर पोचत होतं. मी ते पाहायचो अन् आणखी जोरात वाजवायचो.

आता डोणगाव. आतापर्यंत मी घोळत राहिलो ते याच्यासाठीच.

डोणगावात एका मोठ्या जमीनदाराच्या घरचं लग्न होतं, गोरज मुहूर्ताचं. उन्हं उतरली होती, नवरदेव घोड्यावर, वरात मारुतीकडे निघालेली. आम्ही गाणं सुरू केलं. दोन कडवी झाली असतील, अन् गर्दीच्या कडेनं आणखी एक आवाज उठला. भोंग्याच्या वर उठला, म्हणजे विचार करा. मी बटणांवरून नजर वर केली. मुंगीलाल उभा होता. दिवाळीनंतर सातपुड्यातली माणसं कापूस वेचायला खाली यायची, तसा तो जवळच्या शेतावर आला होता. अंगावर धूळ, केसांत कापूस. डोळे मिटून गात होता.

तो भांडू शकला असता. बेंजो हिसकून घेऊ शकला असता. पण गाणं सुरू झालेलं होतं, अन् सुरू झालेलं अर्ध्यात सोडायचं नसतं — मी सोडलं असतं, त्यानं नाही. आपल्या आईचं गाणं दुसऱ्याच्या वरातीत, घोड्यापुढे, तो शेवटपर्यंत गायला. आम्ही त्याच्यामागं वाजवलं. दुसरं करणार काय? सलीमची बोटं तशी चाललेली मी कधी पाहिली नव्हती. सगळी वरात वेडी झाली. म्हातारे फेटे उडवत होते, घोडा थयथयाट करत होता, नवरदेव खाली उतरून नाचला. तेवढं भारी आम्ही आधी कधी वाजवलं नव्हतं, नंतरही नाही. सगळा विजय त्याचा होता अन् टाळ्या माझ्या नावानं पडत होत्या.

गाणं संपलं. नवरीचा काका आला, खुशीत होता. मुंगीलालच्या खांद्यावर हात ठेवून मला म्हणाला, "वसंता, हा कोण बे? तुहं गाणं याले कसं येते?"

मुंगीलाल माझ्याकडे पाहत होता. रागानं नाही. त्याला खरंच वाटत होतं की आता मी सांगेन. दोस्ताला भेटल्याचं हसू त्याच्या तोंडावर यायच्या बेतात होतं, ते मला दिसलं. तिथं सगळे होते — सलीम, ढोलकीवाला, निम्मं डोणगाव.

मी म्हणालो, "मीच शिकवलं त्याले."

बस. हेच ते. काका म्हणाला, वा, चेला तयार केला. लोक हसले. मुंगीलाल हसला नाही. तो पुढे आला, भोंग्याच्या घरघरीनं बेंजोच्या तारा अजून हलत होत्या, त्यांच्यावर त्यानं तळवा ठेवला. त्या शांत झाल्या. मग वळला. कोणीतरी म्हणालं, अरे जेवून जाजो. आमच्याकडे लग्नाच्या दारातून उपाशी माणूस जाऊ देत नाहीत. तो गेला.

मी जेवलो. दोनदा बुंदी घेतली.

पुढे काही वर्षांनी मावसभावाच्या लग्नाला मी पुन्हा त्या पायथ्याच्या गावी गेलो. होळी नुकतीच झाली होती, भर दुपारी बाजार भरला होता. अन् बाजाराच्या टोकाकडून एक आवाज आला, की माझ्या हातातला उसाचा रस तसाच राहिला. ढोल — एक नाही, कितीतरी. त्यांच्या वरून विजेची गिटार. आमच्यासारखी लग्नात लाजत वाजणारी नाही, अंगावर येणारी. धावत गेलो. बैलगाडीवर बॅटरी, भोंगा, कोरकू पोरांचा ताफा, अन् मधोमध गळ्यात गिटार अडकवून मुंगीलाल. बऱ्हाणपूरच्या कोण्या बँडवाल्याकडे राबून तो शिकला होता. कोरकूत गात होता अन् दर गाण्याआधी बाजाराला मराठीत सांगत होता — हे मोहाचं, हे कुऱ्हाड हिसकणाऱ्या शिपायाचं, हे आमच्या डोंगराचं. अर्थ नाही म्हणालो होतो ना मी? भोंग्यातून अर्थ सांगून राह्यला होता तो, चार गावांना ऐकू जाईल असा. पोरं उड्या मारत होती. तिकडे एक जंगलखात्याचा शिपाई उभा होता, त्याचाही पाय हलत होता, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. आम्ही जे केलं होतं ते या आवाजापुढे काहीच नव्हतं. अन् गंमत अशी की मला वाईट वाटलं नाही. मी नाचलो. जन्मात पहिल्यांदा न वाजवता नाचलो.

त्यानं मला पाहिलं. हात वर करून ढोल थांबवले. आता हा सगळं सांगणार, बरंच होईल, असंही वाटलं.

माईक तोंडाशी धरून तो म्हणाला, "हा वसंता. लोणारचा. बेंजो वाजवते. याले मी शिकवलं."

खरं तेवढंच बोलला. शब्द कमी नाही, शब्द जास्त नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पोरांनी मला ओढून गाडीवर घेतलं, कोणीतरी बेंजो मांडीवर दिला. मी कोणतं गाणं असं नजरेनं विचारलं. मुंगीलाल माझ्या कानाशी वाकला. "ते नाही. ते माह्या टाइमाले."

माईक माझ्यापासून हातभर होता. मला सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं. होळीचं गाणं वाजवलं, जीव तोडून वाजवलं. अन् लोणारला परतल्यावर? वरातीत लोक ओरडले, तुमचं ते गाणं — मी पुन्हा वाजवलं. वाजवतच राहिलो.

गेल्या उन्हाळ्यात निरोप आला की मुंगीलालची सिडोली ठरली आहे. मी नव्या तारा चढवल्या अन् एष्टी पकडली. त्याच्या खांबावर नातवंडांनी चंद्र-सूर्य कोरले होते, अन् त्यांच्या खाली एक गिटार, अगदी खुंट्यांसकट. त्याचा थोरला नातू गायला. तोच आवाज, पाट फोडल्यासारखा. ढोल होते, भोंगा होता, सगळा डोंगर दणाणत होता, बाया नाचत होत्या. मी गाणं सुरू केलं ते संपेपर्यंत बोट उचललं नाही. ज्या जागेसाठी ते होतं, त्या जागी वाजलं, पुरं वाजलं. माझ्या बोटांत घाई नव्हती.

नंतर नातवानं विचारलं, बाबा, तुम्हाले हे कोणं शिकवलं? मी खांबाकडे बोट दाखवलं. सगळे खूश झाले, मला मोहाची दारू दिली, पंगतीत पहिल्या रांगेत बसवलं. तिथंही मी डोणगावचं काही बोललो नाही. पोटभर जेवून आलो.

डोणगावात, मारुतीच्या वाटेवर, सगळ्यांसमोर मी म्हणालो होतो — मीच शिकवलं त्याले. ते खोटं होतं. त्यानं मले शिकवलं.